डोणगावकर सर आणि नऊ बेटं

मुलांच्या वहीत 'अंदाजे' हा शब्द दिसला की डोणगावकर सर तो पेन्सिलीने खोडायचे. ओरडणं नाही, शेरा नाही. वही परत देताना एवढंच म्हणायचे, "मोजलं असलं तं आकडा लिव. मोजलं नसलं तं मले ठाऊक नाई असं लिव. मधातच कायले लपतं?"

मी एकोणसत्तर साली कारंज्याच्या त्या शाळेत चित्रकला शिकवायला लागलो, तेव्हा सर पन्नाशीला टेकले होते. आमचा सगळा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. सर भूगोल शिकवायचे. पांढरा पायजमा, गळाबंद कोट, काळी टोपी, आणि कोटाच्या खिशात पांढऱ्या दोऱ्याची एक गुंडाळी. नकाशावरच्या नद्या ते मुलांना दोऱ्याने मोजायला लावायचे. दोरा नदीच्या वळणावळणाने ठेवायचा, मग सरळ करून पट्टीवर धरायचा. अख्खा वर्ग माना खाली घालून पैनगंगा मोजतोय, असं दृश्य मी त्यांच्या तासाला कितीदा तरी पाहिलं आहे.

त्यांचं घर जैन मंदिराच्या मागच्या गल्लीत होतं. वडील, काका, दोघे भाऊ, सगळे कापसाच्या आणि सरकीच्या व्यापारातले. सर एकटेच त्या गादीवर बसले नाहीत. भाऊ वेगळे झाल्यावर मागच्या दोन खोल्यांत तीन माणसं उरली: सर, त्यांची म्हातारी आई आणि पत्नी विमलाबाई. मूल नव्हतं. विमलाबाईंना मी वहिनी म्हणायचो. त्या ठेंगण्या, गोऱ्या, सतत काहीतरी निवडत किंवा गाळत असलेल्या बाई होत्या. लहानपणी सांधे धरले होते, तेव्हापासून त्यांच्या हृदयाची झडप अधू झाली होती. चार पायऱ्या चढल्या तरी त्यांना उंबऱ्यावर बसावं लागे. बसल्या की स्वतःशीच हसत, जणू बसायचंच होतं.

घर जैनांचं, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं. शाळेतली सभा लांबली की सर खिडकीबाहेर बघायला लागत, आणि मुख्याध्यापक त्यांच्याकडे बघून सभा आटोपती घेत.

सत्तर सालच्या दिवाळीच्या आसपास पुण्याच्या एका प्रकाशकाचं पत्र शाळेत आलं. जगातल्या सगळ्या देशांची माहिती मराठीत, अनेक खंडांत काढायची होती. लिहिणारे हवे होते. सरांनी उलट टपाली होकार कळवला. पण मोठमोठे देश आधीच कॉलेजातल्या प्राध्यापकांना वाटून झाले होते. सरांच्या वाट्याला आलं ते 'गिल्बर्ट व एलिस बेटे', मजकूर अर्धं पान.

शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. गणिताचे मास्तर म्हणाले, "डोणगावकर, तुमच्या वाट्याले तं नकाशावरचे माशीचे ठिपके आले."

सर हसले नाहीत. त्यांनी ॲटलास उघडला आणि तो टेबलावर पसरून उभे राहिले. प्रशांत महासागराच्या निळ्या पानावर ती बेटं शोधायला त्यांना मधली सुट्टी पुरली नाही. सापडल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, "अर्ध्या पानाचा देश नसते, देशमुख. अर्ध्या पानात तं आपलं एक घर मावत नाई."

माहिती मात्र कुठेच नव्हती. शाळेत नव्हती, गावच्या वाचनालयात नव्हती. सर अमरावतीला जाऊन आले, तिथल्या जाड इंग्रजी ग्रंथात चौदा ओळी मिळाल्या. त्यातल्या तीन ओळींत 'अंदाजे' होतं. मग सरांनी एक गोष्ट केली, जी आमच्यापैकी कुणाला सुचली नसती. त्यांनी थेट तिथे पत्र लिहिलं. पत्ता: पोस्टमास्तर, फुनाफुती, एलिस बेटे. आत इंग्रजीत, नंबर घालून, एकतीस प्रश्न.

उत्तर नऊ महिन्यांनी आलं. पोस्टमन ते घेऊन थेट सरांच्या वर्गात शिरला, कारण तिकिटावर नारळाचं झाड आणि होडी होती आणि त्यालाही राहवलं नव्हतं. लिहिणाऱ्याचं नाव होतं इओसेफा. तो तिथल्या शाळेत मास्तर होता. पोस्टमास्तरने पत्र त्याच्याकडे दिलं होतं आणि म्हटलं होतं, हे तुझ्यासाठीच दिसतंय, इतके प्रश्न मास्तरच विचारू शकतो. एकतीसपैकी अठ्ठावीस प्रश्नांना उत्तरं होती. उरलेल्या तिनांपुढे लिहिलं होतं, मला माहीत नाही, विचारून कळवतो.

सरांनी ते तीन शब्द मला बोटाने दाखवले. "हा आपला मानूस हाय," ते म्हणाले.

तेव्हापासून पत्रं सुरू झाली. एक जायला चार-पाच महिने, एक यायला तितकेच. म्हणून उत्तराची वाट न बघता दोघंही लिहीत राहायचे. पत्र आलं की सर संध्याकाळच्या जेवणानंतर, उजेड असेपर्यंत, ओट्यावर बसून ते वऱ्हाडीत सांगायचे. ऐकायला आई, वहिनी आणि बऱ्याचदा मी. त्या देशाचा नकाशा काढायचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं होतं, त्यामुळे मला ऐकणं भागच होतं.

त्या ओट्यावर मला जी माहिती मिळाली ती अशी. एलिस बेटं म्हणजे नऊ बेटं. समुद्रात साडेतीनशे मैलांवर विखुरलेली, पण सगळी जमीन गोळा केली तर दहा चौरस मैल. डोंगर नाही, टेकडी नाही, नदी नाही, ओढा नाही. प्रवाळाचा पट्टा, कुठे इतका अरुंद की दोन्ही बाजूंचा समुद्र एकाच जागेवरून दिसावा. सर म्हणायचे, कारंज्यातल्या कोणत्याही माडीवर चढा, तो सबंध देश तुमच्या पायांखालीच राहील, इतका तो बुटका. प्यायला पाणी म्हणजे छपरावरून हौदात धरलेला पाऊस. माणसं सगळी मिळून सहा-सात हजार. "आपल्या केनवडच्या बाजारात याहून जास्त जमत असतीन का?" सर मला विचारत, आणि मी 'अंदाजे' म्हणायच्या आत स्वतःच म्हणत, "मोजलं पायजे." एलिस हे नाव ज्या इंग्रज व्यापाऱ्याचं, त्याने ती बेटं आयुष्यात कधी पाहिली नव्हती. तिथली माणसं स्वतःच्या बेटांना तुवालू म्हणत. अर्थ, आठ जण एकमेकांसोबत उभे. नववं बेट ओसाडच असायचं, म्हणून ते धरलं नव्हतं.

सरांची आई, तिला सगळे माय म्हणत, जपमाळ ओढत ऐकायची. एकदा तिने विचारलं, "खातात काय ते लोक?"

"नारळ," सर म्हणाले.

"अन् दुसरं?"

"केळ. फणसासारखं एक फळ असते."

"अन् मंग?"

घरात कांदा-बटाटा येत नव्हता, पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं जात होतं. वहिनींनी सूप खाली ठेवलं. शेवटी सर म्हणाले, "मासे खातात, माय. अन् खड्डे खनून, त्यात पाला कुजवून, कंद लावतात. तेबी खातात."

मायचा हात माळेवर थांबला. ती म्हणाली, "मातीच नाई म्हनतं तिथं. मंग का करतीन बिचारे." आणि माळ पुन्हा फिरायला लागली.

इओसेफाही प्रश्न विचारायचा. त्याने एका पत्रात लिहिलं होतं, तुमच्या गावाला समुद्र नाही असं तुम्ही म्हणता. मी माझ्या वर्गात हे सांगितलं तर मुलांनी विचारलं, मग गाव कुठे संपतं हे त्या लोकांना कसं कळतं? सर या प्रश्नाने चार दिवस अस्वस्थ होते. मग एका रविवारी मला घेऊन निघाले. मूर्तिजापूरच्या रस्त्याने शेवटच्या घरापर्यंत, तिथून छोट्या गाडीच्या रुळांवरून, मग कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मागून मंगरूळच्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी थांबून बघत. दुपारी घामाघूम होऊन आम्ही इंझोरीच्या एस.टी.साठी थांबलेल्या माणसांजवळ टेकलो, तेव्हा सर म्हणाले, "संपतच नाई हो. आपलं संपाच्या आतच दुसऱ्याचं वावर लागते." त्यांनी इओसेफाला तेच लिहिलं.

बहात्तरच्या उन्हाळ्यात फुनाफुतीहून पुडकं आलं. इओसेफाच्या बायकोने, तिचं नाव सिना, वहिनींसाठी माळ पाठवली होती. तांदळाच्या दाण्याएवढ्या, पिवळसर पांढऱ्या शिंपल्यांची, तीन पदरी. मी चित्रकलेचा माणूस. इतकं नाजूक काम मी तोवर पाहिलं नव्हतं.

वहिनींनी ती हातात घेतली आणि लगेच जमिनीवर ठेवली. माय म्हणाली, "शिंपले म्हंजे जिवाचं घरच ना बाप्पा. हाडकं गयात घालतं का?"

पण वहिनींची नजर माळेवरून हलत नव्हती. त्यांना कधी कुणी काही पाठवलं नव्हतं. माहेर तुटल्यासारखंच होतं, दीर-जावांशी बोलणं नव्हतं. आणि ही कुठली कोण बाई, जिने त्यांच्या नावाने पुडकं बांधलं होतं. वर इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं: विमलासाठी.

त्यांनी लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी घासूनपुसून वाळवली, तिच्यात माळ ठेवली आणि बरणी कोनाड्यात ठेवली. घालायची नाही, फेकायची नाही. दोन दिवसांनी सरांना म्हणाल्या, "तुमी एक विचारा त्याह्यले. हे शिंपले उचलले तवा आत जीव होता का? का रिकामेच होते काठावर पडून?"

"अन् रिकामे असले तं?"

"तं घालीन मी," वहिनी म्हणाल्या. मायकडे न बघता म्हणाल्या.

सरांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं. तो प्रश्न सगळ्यात वर, एकटा, नंबर न घालता.

त्या वर्षी आमच्याकडे पाऊस झाला नाही. विहिरी आटल्या, शाळा सकाळची झाली, मुलं घागरी घेऊन रांगेत उभी राहायची. नोव्हेंबरात केव्हातरी वाचनालयातल्या एका शिळ्या इंग्रजी वर्तमानपत्रात सरांना चार ओळींची बातमी दिसली. फुनाफुतीवर मोठं वादळ झालं होतं. समुद्र बेटावरून पार गेला होता, घरं जवळजवळ सगळी गेली होती, माणसं दगावली होती. किती आणि कोण ते छापलं नव्हतं.

सर वाचनालयातून तडक माझ्याकडे आले. माझ्या खोलीत नकाशा भिंतीला लावलेला होता. त्याच्यासमोर ते उभे राहिले. म्हणाले, "सगळ्यात उंच जागा माडीएवढी. चढतीन कुठं, देशमुख?"

त्यांनी तीन महिन्यांत चार पत्रं पाठवली. उत्तर नाही. रोज शाळा सुटली की सायकल पोस्टाकडे वळायची, आणि घरी पोचल्यावर वहिनी दारातच विचारायच्या, "आलं का वो त्याह्यचं पत्र?" आता पायऱ्या न चढताही त्यांना दम लागायचा. पाय सुजले होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी मुंबईचं नाव काढलं, आणि त्याच दमात, इतक्या उशिरा तिथेही काही होईल असं वाटत नाही, असंही सांगितलं. त्या दिवसांतही बोलायच्या त्या सिनाबद्दल. तिचं घर राहिलं असेल का, तिला लेकरं किती, पाणी ओसरल्यावर हौदातलं पाणी खारं झालं असेल तर पितात काय. स्वतःच्या गल्लीत नळाला चार दिवसांआड पाणी होतं आणि या बाईला फुनाफुतीच्या हौदाची काळजी.

माघ महिन्यात, एका सकाळी, सर शाळेत असताना वहिनी गेल्या. माय जवळ होती. निरोप आला तेव्हा सर सातवीच्या वर्गात होते. त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले, मुलांना म्हणाले, "बसा. आवाज करू नोका," आणि गेले. सायकल शाळेतच विसरली. संध्याकाळी मी ती घेऊन गेलो तर ते ओट्यावर बसलेले होते. मला बघून म्हणाले, "आजबी इचारत होती म्हनते माय. पत्र आलं का म्हनून."

पत्र श्रावणात आलं.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. सरांनी ते फोडलं, वाचलं आणि माझ्यासमोर सरकवलं. पाण्याने फुगून वाळलेल्या कागदावर इओसेफाने लिहिलं होतं की ते सगळे वाचले. रात्रभर नारळाच्या झाडांना स्वतःला बांधून घेतलं होतं. शाळा गेली, घर गेलं, सरांची सगळी पत्रं गेली. पण शेवटचं पत्र वादळाच्या आदल्या आठवड्यातच वाचलं होतं आणि त्यातला पहिला प्रश्न त्याला पाठ होता. सिना सांगते, असं त्याने पुढे लिहिलं होतं, प्रत्येक शिंपला रिकामा होता. ती सकाळी ओहोटीनंतर किनाऱ्यावर बसून वेचते. आत प्राणी असला तर ती परत ठेवते, कारण त्याची माळ केली तर तिला वास मारतो. विमलाला सांगा, निर्धास्त राहा.

आणि खाली, वेगळ्या शाईत: सिना विचारते, विमलाने माळ घातली का?

मी पत्र परत सरकवलं. सर ते घडी करत राहिले, उलगडत राहिले. तास झाल्याची घंटा झाली तरी उठले नाहीत.

त्या संध्याकाळी मीही त्यांच्यासोबत घरी गेलो. सरांनी मायला पत्र सांगितलं. फक्त पहिला भाग, रिकाम्या शिंपल्यांचा. माय भिंतीला धरून उठली, कोनाड्यापाशी गेली, बरणी उचलून सरांच्या हातात दिली आणि म्हणाली, "घाल तिच्या फोटोले."

सरांनी माळ गाळलेल्या पाण्यातून खळबळून काढली, जुन्या धोतराच्या मऊ कापडाने पुसली. वहिनींचा फोटो लग्नातल्या मोठ्या फोटोतून कापून मोठा करून घेतलेला, जरा अस्पष्टच. त्याच्यावर ती तीन पदरी माळ घातली. मायने हात जोडले नाहीत, डोळेही पुसले नाहीत. फक्त एक पदर वाकडा बसला होता तो सारखा केला.

दुसऱ्या दिवशी सरांनी इओसेफाला लिहिलेलं पत्र मला वाचायला दिलं. इंग्रजीत एकच वाक्य सिनासाठी होतं: माझी पत्नी आता तुमची माळ रोज घालते.

मी वर बघितलं. सर म्हणाले, "यात काय चुकीचं हाय का?"

मी म्हणालो, नाही.

पुढची पाच वर्षं सिना प्रत्येक पत्रात वहिनींची चौकशी करत राहिली आणि सर उत्तर देत राहिले. विमला मूग निवडते आहे. विमलाने यंदा उन्हाळ्यात पापड केले. विमलाला तुमच्या मुलीच्या लग्नाचं ऐकून बरं वाटलं. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, हे..."

"तुमाले वाटते मी खोटं लिवून राह्यलो," ते शांतपणे म्हणाले. "ती जे करे तेच लिवतो मी. कोन्या साली करे, तेवढं लिवत नाई."

मग सिनाच्या मुलीच्या लग्नाचं काय, असं विचारायचं होतं, पण विचारलं नाही. जगाच्या त्या टोकाला एक घर असं होतं जिथे वहिनी अजून मूग निवडत होत्या, आणि ते मोडायचा अधिकार मला नव्हता.

लेख दरम्यान अर्ध्या पानाचा चाळीस पानांचा झाला होता. सरांनी तो तीनदा पुन्हा लिहिला. पहिल्यांदा वादळानंतर; मग तिथल्या लोकांनी मत देऊन गिल्बर्टपासून वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा; मग ती फारकत झाली तेव्हा. शेवटचा खर्डा प्रकाशकाकडे गेला. त्या मधल्या काळात मायही गेली. सत्त्याहत्तर साली तो खंड छापून आला. शाळेने एक प्रत मागवली होती. सरांनी पान काढलं. 'गिल्बर्ट व एलिस बेटे' या मथळ्याखाली एकच ओळ होती: पाहा, ब्रिटिश वसाहती. ते पान पाहिलं, तिथे त्या बेटांचं नावच नव्हतं.

शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी कुणी हसलं नाही. गणिताचे मास्तर उठून सरांसाठी चहा घेऊन आले. सर चहा घेत नसत. त्यांनी तो कप समोर ठेवून घेतला आणि निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी शेवटचा तास घेतला तो अभ्यासक्रमात नसलेल्या देशाचा. मी नकाशा धरून उभा होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, एवढ्याशा देशाले कोन धक्का मारन तं बुडन ना?" सर म्हणाले, "म्हनूनच सोबत उभे राह्यतात."

त्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला, रविवार होता, सर सकाळीच माझ्या दारात आले. दाढी वाढली होती, कोट अंगावर सैल झाला होता. गेले काही महिने त्यांना जेवण जात नव्हतं आणि त्याबद्दल ते बोलत नव्हते. आत येऊन म्हणाले, "आज झाला तो देश. तुवालू. नकाशावरचं नाव बदलून द्या."

मी रंग काढले. ते स्टुलावर बसून बघत होते. नाव लिहून झाल्यावर त्यांनी खिशातून इओसेफाचं नवं पत्र काढलं. सिना वहिनींसाठी केवड्यासारख्या एका झाडाच्या पानांचा पंखा विणत होती. रंगीत काठाचा. तुमच्याकडचा उन्हाळा कडक असतो ना, येत्या उन्हाळ्याच्या आत पोचेल असा पाठवते, असं लिहिलं होतं.

"आता सांगाव लागते," सर म्हणाले.

"काहून सर? इतकी वर्षं..."

"पंखा विनून राह्यली ती बाई. बसून, एक एक पान चिरून. हे नाई घेता येत मले." मग म्हणाले, "अन् मी गेल्यावर कोन कळवीन? त्याह्यची पत्रं येत राह्यतीन. बंद दारापाशी."

पौषात सर गेले. मी तेव्हा केनवडला बहिणीकडे होतो, मला चार दिवसांनी कळलं. त्यामुळे माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते कार्तिकातलं, कारंज्याच्या पोस्टातलं.

त्यांनी चाळीस पानं आणि माझा नकाशा एका पुठ्ठ्यात बांधून आणला होता. मराठी तिथे कुणाला वाचता येणार, असं मी म्हटलं होतं. ते म्हणाले होते, त्यांच्याविषयी लिहिलेलं आहे, त्यांच्याजवळ असू द्या. वर एक वेगळं पाकीट होतं, पातळ, एका कागदाचं, सिनाच्या नावाने. ते मी वाचलं नव्हतं.

खिडकीतल्या कारकुनाने पत्ता बघितला, मग जाड पुस्तकात बघितलं. "असा देश नाई सर पुस्तकात."

"नवा हाय," सर म्हणाले. "महिना झाला. फिजीच्या मार्गे म्हनून लिवा."

कारकून त्यांचा जुना विद्यार्थी होता. त्याने वाद घातला नाही. लिहिलं, तिकिटं लावली, पुडक्यावर शिक्के मारले. पुडकं मागच्या पोत्यात टाकलं. पातळ पाकीट हातात घेऊन शिक्का मारणार, तेवढ्यात सरांनी जाळीतून हात पुढे केला. त्याला वाटलं परत पाहिजे, म्हणून तो थांबला. पण सरांनी पाकिटावरून नुसतं एकदा बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. शिक्का पडला.

"किती दिवस लागतीन रे?" त्यांनी विचारलं.

"तिकडचं काय सांगू सर. चार महिने. पाचबी लागतीन."

सरांनी बोटांवर महिने मोजले. मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. मोजून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. चेहरा शांत होता.

"म्हंजे होळीपर्यंत हाय ती तिथं," ते म्हणाले.

मग कठड्याला धरून पायऱ्या उतरले. खाली रस्ताभर कापसाच्या बैलगाड्या उभ्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढत, मधे एका जुवावर हात टेकून दम घेत, ते घराच्या दिशेने गेले.